टेबलावरून नाहीसं झालेलं हृदय

१

टण्णकन चमचा पडला.

भुंगा जेमतेम झोपली होती. माझी लेक चार वर्षांची आहे, आणि जागी असेपर्यंत सतत काहीतरी गुणगुणत असते म्हणून तिचं हे नाव. ती झोपली की घर असं गप्प होतं की आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटावा. त्या शांततेत पुढच्या खोलीतल्या फरशीवर चमचा पडला, दोनदा उडाला आणि थांबला. मी वाट पाहिली. चमचा पडला की पाठोपाठ कुणीतरी 'अगं बाई' म्हणतं, निदान वाकून उचलतं तरी. काहीच झालं नाही.

मी चवड्यांवर चालत गेले. वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, नुकत्याच हॉस्पिटलमधून परतल्या होत्या. हातात चहाचा कप, खांद्यावर अजून पर्स तशीच. नजर टेबलावरच्या पडद्यांवर खिळलेली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हृदय नाहीये."

हे वाक्य आमच्या घरात वेडगळ नाही. वन्सं हृदयं करतात. हॉस्पिटलमधून तान्ह्या बाळांच्या छातीचे स्कॅन येतात, कांद्याचे काप असावेत तसे पातळ पातळ थर. वन्सं ते थर एकावर एक लावतात, शिवतात आणि कॉम्प्युटरवर अख्खं हृदय उभं करतात. ते फिरवून बघता येतं, उघडून आत डोकावता येतं. बाळाच्या छातीला सुरी लागायच्या आधी सर्जन त्या हृदयात फेरी मारून येतात. कुठली नळी कुठून निघते, छिद्र कुठे आहे, सगळं आधी माहीत करून घेतात.

हे बाळ महिन्याचंही नव्हतं. हृदय अक्रोडाएवढं. उद्या सकाळी पहिलंच ऑपरेशन त्याचं, आणि आज दिवस मावळायच्या आत हृदय सर्जनकडे पोहोचायला हवं होतं.

"सेव्ह केलेलं असेल ना?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

हॉस्पिटलच्या प्रोग्रामचा नियमच तसा आहे. परक्या बाळाचं काहीही घरच्या कॉम्प्युटरवर मागे राहता कामा नये, म्हणून काम चालू असताना ते साठवलंच जात नाही. ते नुसतं उघड्या खिडकीत जिवंत असतं. शेवटी वन्संनी अंगठा लावला की शिक्का बसतो आणि ते हॉस्पिटलकडे जातं. कॉम्प्युटर झोपला तरी चालतं, जागा झाला की खिडकी जशीच्या तशी. पण खिडकी बंद झाली किंवा कॉम्प्युटर बंद झाला, तर सगळं गेलं.

"सकाळी मी गेले तेव्हा पूर्ण होतं," वन्सं म्हणाल्या. "फक्त अंगठा राहिला होता. म्हटलं परत येऊन शांतपणे एकदा बघेन आणि लावेन." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "पुन्हा करायचं तर दोन दिवस लागतील. त्या बाळाकडे नाहीत गं दोन दिवस."

टेबलावर तीन पडदे असायचे. आता दोनच होते. तिसऱ्याच्या जागी टेबलाची पुसलेली चौकट उरली होती.

२

त्या तिसऱ्या पडद्याविषयी सांगायलाच हवं.

वन्संच्या कॉम्प्युटरला पडदे लावायची सोय दोनचीच. त्यांना लागायचे तीन: डावीकडे स्कॅनचे थर, मधे अवजारं आणि उजवीकडे हृदय, एकटं, पूर्ण पडदाभर. म्हणून मी एक काळी डबी आणून बसवून दिली होती. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. तिचं एक टोक कॉम्प्युटरच्या यूएसबीत, आपण पेनड्राइव्ह खुपसतो तसल्याच चपट्या भोकात. दुसऱ्या बाजूने जाड वायर निघते ती पडद्याला. कॉम्प्युटर चित्राचा चुरा करून त्या भोकातून पाठवतो आणि डबी तो चुरा पुन्हा जुळवून पडद्यावर मांडते, दर क्षणाला नव्याने.

लग्नाआधी मी एका कॉम्प्युटर कंपनीच्या मदतीच्या फोनवर बसायचे. अशा डब्या लोकांना रोज बसवायला सांगायचे, पण फोनवरून. स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते या टेबलावर. पडदा आधी काळा होता. मग उजळला, आणि माउसचा बाण मधल्या पडद्याच्या कडेवरून निघून मधली हवा ओलांडून अलगद त्यात उतरला. अंगावर काटा आला होता.

"पडदा भाऊजींनी नेला?" मी विचारलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वन्संचे भाऊ.

"त्यालाच द्यायचा होता. त्याच्या कामासाठी चार दिवस मागत होता. मी म्हटलं होतं, माझं झालं की ने. हा आजच घेऊन गेला!" वन्सं खुर्चीत बसल्या. "पण त्याने पडदा नेला म्हणून खिडकी कशी जाईल? पडदा काढला की त्यावरचं सगळं उडी मारून मधल्या पडद्यावर येतं. तूच सांगितलं होतंस."

बरोबर होतं. पडदा काढला की खिडक्या मरत नाहीत. नाव बुडायला लागली की माणसं शेजारच्या नावेत येतात तशा त्या राहिलेल्या पडद्यांवर येतात. मधल्या पडद्यावर मात्र अवजारांची खिडकी होती आणि बाकी काही नव्हतं.

"मग कुणीतरी बंद केली," वन्सं म्हणाल्या. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

दारात टिकटिक उभी होती.

३

टिकटिक वन्संची मदतनीस. पन्नाशीची, सडपातळ, हातात कायम खटक्याचं पेन. विचार करताना ते दाबत राहते, म्हणून हे नाव. तिच्या तोंडावर मात्र आम्ही तिला बाई म्हणतो. थर रांगेत लावायचं काम तिचं. वन्सं नसताना त्या खुर्चीवर बसायची परवानगी असलेलं दुसरं माणूस तीच.

"मॅडम, मी बंद केलं नाही," ती म्हणाली. पेन वाजत नव्हतं.

"मग कुणी केलं? भुताने?"

"वन्सं, मला जरा विचारू द्या," मी म्हटलं. फोनवरच्या कामाने मला एक सवय लावली आहे. समोरच्याचं टेबल दिसत नसतं, म्हणून त्याला काय वाटतं ते विचारायचं नाही, त्याने काय पाहिलं ते विचारायचं. "बाई, तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत हृदय?"

"जेवायला उठले तेव्हा. तिसऱ्या पडद्यावर होतं, हळूहळू फिरत. मी कॉम्प्युटर झोपवला आणि मागच्या अंगणात डबा खायला गेले."

"परत आलात तेव्हा?"

"पडदा नव्हता. मी घाबरलेच. मग कळलं, धाकट्या साहेबांनी नेलाय. म्हटलं ठीक आहे, खिडकी इकडे आली असेल. कॉम्प्युटर जागा केला. दोन्ही पडदे आले. हृदय नाही." ती पुढे आली आणि पडद्याच्या तळाशी बोट नेलं. "पण हे बघा, प्रोग्रामची खूण इथे आहे. खाली रेघही आहे."

खुणेखाली रेघ म्हणजे प्रोग्राम चालू. मी खुणेवर बाण नेला. इतर खिडक्यांचं छोटं चित्र वर येतं, पण या प्रोग्रामचं मुद्दाम झाकलेलं असतं. नुसतं कुलूप आलं. खूण दाबली. काही उघडलं नाही. पुन्हा दाबली. तसंच.

"मीसुद्धा खूप वेळा दाबली," टिकटिक म्हणाली. "आणि माउसही नीट नाहीये आज. बाण मधेच गायब होतो."

"कामात चूक झाली की अवजार बिघडतं," वन्सं म्हणाल्या. "हृदयाची खिडकी मिटली असणार आणि प्रोग्राम अडकून पडला असणार. बाई, तुम्ही उद्यापासून आला नाहीत तरी चालेल."

टिकटिकने पेन टेबलावर ठेवलं. अगदी हळू, आवाज न करता.

४

मी भाऊजींना फोन लावला. ते गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत असतात.

"वहिनी, आधीच सांगतो, पडद्याला ओरखडा होता तो आधीपासूनच होता."

"ओरखडा गेला खड्ड्यात. कसा काढलात ते सांगा."

"कसा म्हणजे? मागची वायर उपसली, पडदा उचलला, निघालो."

"कॉम्प्युटरला हात?"

"छे! ताईच्या कॉम्प्युटरला हात लावून मला घराबाहेर राहायचंय का? म्हणजे राहतोच आहे म्हणा. नाही लावला. झोपलेला होता तो."

"डबी?"

"डबी तशीच ठेवली. वायरही तिथेच. माझ्याकडे माझी आहे." मग आवाज बदलला. "वहिनी, काही गेलं का?"

"एका बाळाचं हृदय."

"येतो मी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी टेबलाखाली शिरले. डबी टेबलाच्या पायाला पट्टीने चिकटवलेली होती. तिच्यावरचा निळा दिवा लागलेला होता. स्थिर. मी त्याच्याकडे बघत राहिले. काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना. डबीतून निघालेली जाड वायर फरशीवरून कपाटामागे गेली होती. ती वायर पहिल्यापासूनच गरजेपेक्षा लांब. उरलेली नेहमी तिथेच कोंबलेली असते.

"काय शोधतेस गं खाली?" सासूबाई आल्या होत्या. हातात केरसुणी. "तिथला केर मी काढलाय."

"आई, तुम्ही आज या खोलीत आला होतात?"

"आता मलाही धरणार वाटतं! रोज येते. धाकटा पडदा काखोटीला मारून गेला, त्याच्या मागोमाग मी. पडद्याखाली एवढी धूळ, बघवेना. धूळ पुसली, केर काढला, खालचं आवरलं आणि गेले. तुमच्या त्या यंत्राच्या एका बटणाला बोट लावलं असेल तर बोट गळून पडो."

"तसं नाही हो आई. कुणी सांगितलं तुम्ही लावलंत म्हणून?"

"हिची नजर सांगते ना," त्या वन्संकडे बघत म्हणाल्या. "या घरात काही हरवलं की आधी म्हातारीने आवरलं असेल. आवरते म्हणून तर घर घर आहे. तुझी लेक रांगत होती तेव्हा चार्जरचं टोक चघळत बसली होती, आठवतंय? तेव्हापासून खाली काही लोंबत ठेवलेलं पाहिलंयस का कधी? दिसलं की उचललं, दिसलं की जागेवर."

तेवढ्यात आतून गुणगुण ऐकू आली. भुंगा उठली होती. वन्संनी डोळे बारीक केले.

"वहिनी, रागावू नकोस," त्या म्हणाल्या, "पण बाई अंगणात होत्या तेव्हा ही कुठे होती?"

५

मी रागावले. पण खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी कपडे वाळत घालत होते. मी भुंग्याला कडेवर घेतलं. तिच्या गालावर उशीच्या अभ्र्याचे वळ उठले होते.

वन्संनी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला होता. माणूस सज्जन होता, घाईत होता. "प्रोग्राम चालू दिसतोय पण खिडकी उघडत नाही म्हणजे तो गोठलाय, मॅडम. त्यातलं काम वाचेल असं वाटत नाही. बंद करून पुन्हा चालू करा आणि जेवढं जमेल तेवढं नव्याने सुरू करा. मी सर्जनसाहेबांना कळवतो."

वन्संचा हात कॉम्प्युटरच्या बटणाकडे गेला.

"थांबा!" मी म्हटलं.

"कशासाठी? प्रत्येक मिनिट जातंय."

"थोडंसंच. मला बसू द्या."

मी खुर्चीत बसले. भुंगा मांडीवर. तिने ताबडतोब माउस धरला; मी हात काढायला गेले आणि थांबले. ती बाण डावीकडे नेत होती. डाव्या पडद्याच्या कडेला बाण टेकला. ती ढकलत राहिली, पण तो कडेला चिकटून तिथेच. मग ती उजवीकडे निघाली. डावा पडदा संपला, मधला आला, मधलाही संपला.

"आई, गेला."

"कोण?"

"बाण. घराबाहेर गेला."

मी तिच्या हातावर हात ठेवला. बाण आणला. पुन्हा उजवीकडे नेला. कडेला तो थांबला नाही, टेकला नाही. तो पूर्ण गेला. मी माउस तसाच उजवीकडे ओढत राहिले, मग तेवढाच डावीकडे, आणि मग बऱ्याच उशिराने तो परत आत आला. लांबच्या खोलीतून हाक मारून बोलावलेल्या माणसासारखा.

"वन्सं," मी म्हटलं, "भिंत असेल तर बाण भिंतीला टेकून उभा राहतो. डावीकडे भिंत आहे. उजवीकडे दार आहे."

"उजवीकडे काही नाही! पडदा नेलाय त्याने."

"आपल्याला दिसत नाही. कॉम्प्युटरला दिसतोय. डबीचा दिवाही तेच म्हणतोय. टोकाला पडदा नसला की तो लुकलुकतो. आत्ता स्थिर आहे." तेच खुपत होतं मला. "खिडकी कुणी बंद केलेली नाही. प्रोग्राम गोठलेलाही नाही. बाई खूण दाबत होत्या तेव्हा हृदय दर वेळी पुढे येत होतं. फक्त जिथे येत होतं तिथे आपण बघत नव्हतो."

"न दिसणारा पडदा?" टिकटिक म्हणाली. तिने नकळत पेन उचललं होतं.

"दाखवते. कॉम्प्युटर स्वतःचा फोटो काढू शकतो. आपल्याला दिसतं तेवढ्याचा नाही, त्याला दिसतं तेवढ्या सगळ्याचा."

मी फोटोचं बटण दाबलं आणि तो फोटो उघडला.

तो लांबच्या लांब होता. डावीकडे थरांचा पडदा. मग अवजारांचा. आणि त्याच्या पलीकडे, टेबलावर जिथे आता नुसती हवा होती, तिथे आणखी एक पडदा. त्यावर एक मोठी काळी चौकट. प्रोग्राम फोटोपासूनही आपलं पोट झाकून ठेवतो, म्हणून आत काळं. पण चौकटीच्या माथ्यावर बाळाचा आकडा स्पष्ट होता.

वन्संनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.

आम्ही सगळ्या एका रिकाम्या जागेकडे बघत होतो. तिथे पुसलेलं टेबल होतं आणि त्यावर ऊन. आणि त्याच जागी, कॉम्प्युटरच्या लेखी, एक हृदय शांतपणे फिरत होतं. मला देवळात शिरताना होतं तसं झालं. आवाज आपोआप खाली येतो तसं.

"पण हे कसं शक्य आहे?" वन्सं पुटपुटल्या. "पडदा तर त्याच्याकडे आहे."

"हा तो पडदा नाहीच," मी म्हटलं. फोटोतला तिसरा भाग मी बोटाने मापला. पुन्हा मापला. "भाऊजींनी नेला तो या दोघांएवढाच होता. हा बघा. हा दोघांपेक्षा कितीतरी मोठा आहे."

"एवढा मोठा पडदा आपल्या घरात आहे कुठे?"

६

मी टेबलाखाली जाऊन जाड वायर हातात धरली आणि तिच्या मागे मागे निघाले. कपाटामागे हात घातला. उरलेली गुंडाळी तिथे नव्हती. वायर सरळ भिंतीला लागून वर चढली होती आणि मागच्या भिंतीवर टांगलेल्या फुलाफुलांच्या चादरीत शिरली होती.

ती चादर आमच्या सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यामागे काय आहे ते कुणाच्या मनातही येत नव्हतं. या खोलीत वन्संचं काम सुरू व्हायच्या आधी सगळे इथे बसायचे, आणि घरातला मोठा टीव्ही याच भिंतीवर आहे. भुंग्याला कार्टूनचं वेड लागलं, जेवण-झोप सगळं त्याच्यासमोर व्हायला लागलं, तेव्हा आम्ही त्याच्यावर चादर टाकली आणि टीव्ही मेला असं तिला सांगितलं. पुढे आम्हालाही तो मेल्यासारखाच झाला.

"आई," मी वळून म्हटलं, "भाऊजी गेल्यावर ही वायर खाली लोंबत होती?"

"लोंबत होती म्हणजे काय! चांगली टेबलाखाली, तुझ्या लेकीच्या तोंडाशी येईल अशी. मोकळं टोक. म्हटलं हे कुठेतरी बसवलं पाहिजे." सासूबाईंनी चादरीकडे पाहिलं, मग आमच्या तोंडांकडे. त्यांचा हात केरसुणीवर घट्ट झाला. "टीव्हीच्या कडेला तसंच भोक होतं. मावलं. घातलं. टीव्ही तर बंदच आहे ना, कितीतरी महिने?"

"बंद आहे. पण त्याची झोप हलकी असते," मी म्हटलं. "वायर जोडली की तो आतल्या आत 'मी आहे' म्हणतो. बाईंनी कॉम्प्युटर जागा केला तेव्हा त्याने डबीला विचारलं, टोकाला पडदा आहे का? डबी म्हणाली, आहे. मग त्याला हृदय हलवायचं कारणच उरलं नाही. जिथे होतं तिथेच त्याने ठेवलं."

भाऊजी दारात येऊन पोहोचले होते, पडदा काखेत घेऊन, धापा टाकत. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वन्संनी चादरीची दोन टोकं धरली आणि ओढली.

काळी, मोठी, गप्प काच. तळाशी लाल ठिपका. मी खालचं बटण चाचपलं आणि दाबलं.

काच आधी राखाडी झाली. मग तिच्यात हृदय आलं.

मी आधीही वन्संची हृदयं पाहिली होती, पण टेबलावर, हातभर पडद्यात. हे भिंतीएवढं होतं. भुंग्याएवढं उंच. गडद लाल, वर निळ्या-जांभळ्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या, आणि ते हळूहळू फिरत होतं. आम्ही भांडत होतो, एकमेकींवर संशय घेत होतो, तेव्हाही इतका वेळ चादरीआड असंच फिरत होतं. मनात आलं, हे खरं अक्रोडाएवढं आहे. कुठल्या तरी खाटेवर, कुणाच्या तरी हाताखाली, आत्ता धडधडतं आहे. त्या चपट्या भोकातून चुरा होऊन येतं आहे आणि इथे भिंतभर उभं राहतं आहे. सासूबाईंनी हात जोडले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"वन्सं," मी शेवटी म्हटलं, "अंगठा."

वन्सं पुढे गेल्या. पण अंगठा लावायच्या आधी मागून आवाज आला.

टिक. टिक. टिक.

"मॅडम," टिकटिक म्हणाली, "ते थांबवाल का जरा? मागे घ्या. तिथेच. त्या डाव्या नळीच्या मुळाशी काय आहे?"

७

दुसरं छिद्र होतं.

पहिलं सगळ्यांना माहीत होतं; त्याच्यासाठीच ऑपरेशन होतं. हे दुसरं एका घडीच्या सावलीत दडलेलं, टेबलावरच्या पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढंही दिसलं नसतं. मोठं करून पाहिलं असतं तर दिसलं असतं, वन्सं नंतर म्हणाल्या, पण जिथे संशय नाही तिथे कोण मोठं करून बघतं? त्यांनी थर पुन्हा उघडले. टिकटिक त्यांच्या शेजारी बसली. दोघी एकही जास्तीचा शब्द न बोलता थर तपासत गेल्या, आणि त्या भागातल्या प्रत्येक थरात ते छिद्र होतं. खरंखुरं.

वन्संनी अंगठा लावला. शिक्का बसला. दिवस अजून पुरता मावळला नव्हता.

सर्जनचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे त्याच खोलीत होतो. भाऊजींनी सगळ्यांसाठी चहा केला होता आणि तो त्यांच्या मानाने बरा झाला होता.

"बघतोय," सर्जन म्हणाले. पलीकडून माउसची टकटक ऐकू आली. मग म्हणाले, "मी उद्या बरोबर तिथूनच आत जाणार होतो. आता दुसरीकडून जाईन." आणि विचारलं, "हे कुणी पाहिलं?"

"आमच्या बाईंनी," वन्सं म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या टिकटिककडे वळल्या. माफी मागणं वन्संना जड जातं. लहानपणापासूनचं आहे, सासूबाई सांगतात. "बाई," त्या म्हणाल्या, "मी मघाशी जे बोलले ना..."

"उद्या किती वाजता येऊ?" टिकटिकने विचारलं.

"लवकर या. आणि..." त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. टिकटिकनेही काढून घेतला नाही.

सासूबाई मात्र कोपऱ्यात फुगून बसल्या होत्या. "म्हणजे केलं ते चूक की बरोबर, एकदा सांगून टाका. त्याप्रमाणे मी उद्यापासून आवरायचं की नाही ते ठरवते."

"आई, ते आम्हालाच अजून कळलेलं नाही," भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले. किती तरी वेळाने.

शिक्का बसला की प्रोग्राम खिडकी लगेच मिटत नाही. हॉस्पिटलची पोच येईपर्यंत ठेवतो. म्हणून हृदय अजून भिंतीवर होतं. बाकीचे चहाचे कप घेऊन आत गेले. मी जमिनीवर बसले, भुंगा माझ्या मांडीत. तिने कार्टून मागितलं नाही. तिची गुणगुणही थांबली होती. खोलीत दिवा लावला नव्हता. त्या लाल उजेडात तिचे हात, तिचं कपाळ, सगळं हृदयाच्या रंगाचं झालं होतं. तिची पाठ माझ्या छातीला टेकलेली होती आणि तिचं हृदय मला माझ्या फासळ्यांवर कळत होतं, भराभर, चिमणीसारखं.

"हे बाळाचं आहे?" तिने विचारलं.

"हो."

"खरं?"

"खरं. फक्त त्याचं छोटं आहे. तुझ्या मुठीपेक्षा छोटं."

तिने मूठ मिटून पाहिली. उघडून पाहिली. पडद्यावरचं हृदय फिरत फिरत आमच्याकडे तोंड करून आलं आणि पुढे गेलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मग ते बाळ आत्ता काय करतंय?"